जुनी अल्फा जीटी घेताय? आधी पत्रा बघा, मग इंजिन ऐका

इटालियन ग्रँड टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासाची वेगवान गाडी, म्हटलं की डोळ्यांसमोर लाल फेरारी येते आणि तिच्या पाठोपाठ तिची किंमत. त्या किमतीला लांबूनच नमस्कार करून पुढे गेलात, तर अल्फा रोमियोची १०५ मालिकेतली कूपे भेटते. पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, दोन कॅमशाफ्टचं ॲल्युमिनियमचं इंजिन आणि मागे दोन माणसं अंग चोरून बसतील एवढी जागा. हे सगळं १९६३ साली, साधारण हजार किलोच्या गाडीत. बर्टोने या डिझाइन कंपनीसाठी तिची रेषा काढली ती जॉर्जेटो जुजारो यांनी, विशीच्या पहिल्या काही वर्षांत. म्हणून जर्मनीत आजही लोक हिला नुसतं 'बर्टोने' म्हणतात.

१९७६ पर्यंत या गाड्या दोन लाखांहून जास्त निघाल्या. त्यामुळे त्या मिळतात, त्यांचे पार्ट मिळतात, आणि खराब गाडी चांगली म्हणून विकणारेही मिळतात. म्युनिक, स्टुटगार्ट, मिलान, लंडन अशा ठिकाणी नोकरीनिमित्त राहणाऱ्या आणि जुन्या गाड्यांचं वेड असणाऱ्या मराठी मंडळींना समोर ठेवून हे लिहितोय. गाडी युरोपात घ्यायची आणि तिथेच चालवायची, असं धरून चाललोय. भारतात आणायचे नियम आणि कस्टम्स हा वेगळा विषय आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन, सगळं दुरुस्त होतं आणि त्याचा खर्च आधी अंदाजता येतो. गंजलेल्या पत्र्याच्या खर्चाला मात्र तळ नसतो. इंजिन थकलेलं पण पत्रा निरोगी असेल, तर ती गाडी घ्या. इंजिन नवंकोरं आणि पत्रा संशयास्पद असेल, तर चहा पिऊन परत या.

कोणती हवी ते आधी ठरवा

पहिली जुलिया स्प्रिंट जीटी, १५७० सीसी, १९६३ ते १९६५-६६. तिच्या बॉनेटची पुढची कड नाकाच्या पत्र्यापेक्षा किंचित वर उचललेली असते, पायरीसारखी. सगळ्यात देखणी हीच, आणि बाजार त्याचे पैसे मोजून घेतो. तिच्यानंतर १९६६ मध्ये स्प्रिंट जीटी 'व्हेलोचे' (इटालियनमध्ये 'वेगवान') आली. त्याच वर्षी आली १२९० सीसीची जीटी १३०० ज्युनिअर. करामुळे लहान इंजिन पसंत करणाऱ्या इटलीत ती धडाक्यात खपली. ज्युनिअरला १९७० पर्यंत पायरीवालं नाक होतं, म्हणजे तेच रूप जरा कमी पैशांत. लहान इंजिन म्हणून तिच्याकडे नाक मुरडू नका. ते मजेत फिरतं, आणि गावातल्या रस्त्यांवर १३०० आणि १६०० यांतला फरक तुम्हाला वाटतो तेवढा जाणवत नाही.

१९६८ च्या सुरुवातीला १७५० जीटी व्हेलोचे आली. १७७९ सीसी, चार हेडलाइट, नाक सपाट. १९७१ मध्ये २००० जीटी व्हेलोचे, १९६२ सीसी, पुढच्या जाळीत आडव्या क्रोमच्या पट्ट्या. रोज चालवायची असेल, ऑटोबानवर न्यायची असेल, तर २०००. खालच्या रेसमध्येही ती ओढते. मला विचाराल तर सगळ्यांत समतोल १७५०. तिचं इंजिन फिरतंही मोकळं आणि जोरही पुरेसा देतं. पण हा वाद या गाडीच्या चाहत्यांमध्ये पन्नास वर्षं चाललाय आणि माझ्याने मिटणार नाही.

एक इशारा. १९६५ ची जीटीए ही रेसिंगसाठी हलकी केलेली गाडी. बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, एका सिलिंडरला दोन प्लग, आणि संख्या पाचशेच्या आसपास. १९६६ मध्ये आंद्रेआ दे आदामिच यांनी युरोपियन टूरिंग कार चॅम्पियनशिप जिंकली ती हिच्यावर. अस्सल जीटीएची किंमत साध्या गाडीच्या कित्येक पट असते. म्हणून ज्युनिअरवर पांढरा रंग मारून, बाजूला हिरवी चौपानी (अल्फाच्या रेसिंग गाड्यांचं चार पानांचं चिन्ह) चिकटवून बनवलेल्या 'जीटीए' बाजारात ढिगाने आहेत. मालक प्रामाणिकपणे 'नक्कल आहे' म्हणत असेल तर गैर काही नाही, फक्त किंमत नकलेची द्या.

कागद आधी, गाडी नंतर

लोक हे उलटं करतात. गाडी बघतात, प्रेमात पडतात, आणि मग कागदातल्या भोकांकडे डोळेझाक करतात.

चासी नंबर बॉनेटखाली, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. त्याच्या सुरुवातीचे आकडे मॉडेल सांगतात. १०५.०२ म्हणजे स्प्रिंट जीटी, १०५.३६ म्हणजे जीटी व्हेलोचे, १०५.३० म्हणजे १३०० ज्युनिअर, १०५.४४ म्हणजे १७५०, १०५.२१ म्हणजे २०००. उजव्या स्टिअरिंगच्या आणि अमेरिकेला गेलेल्या गाड्यांचे आकडे वेगळे. ठोकलेल्या आकड्यांभोवतीचा पत्रा नीट न्याहाळा. तिथे घासल्याच्या खुणा, वेल्डिंगची रेघ किंवा आजूबाजूला नसलेला ताजा रंग दिसला, तर थेट विचारा.

इंजिनाचा नंबर ब्लॉकवर असतो, आणि त्याचा पहिला भाग इंजिनाची जात सांगतो. ००५०२ आणि ००५३६ ही १६०० ची इंजिनं, ००५३० हे १३०० चं, ००५४८ हे १७५० चं आणि ००५१२ हे २००० चं. ज्युनिअरमध्ये २००० चं इंजिन बसवलेलं फार आढळतं. गाडी त्यामुळे छान पळते, पण 'ओरिजिनल' हा शब्द मग जाहिरातीतून खोडायला सांगा.

मिलानजवळ आरेझे इथे कंपनीचं संग्रहालय आणि दस्तऐवज केंद्र आहे. चासी नंबर दिला की गाडी केव्हा बनली, मूळ रंग कोणता, कोणत्या देशात विकली गेली, अशी माहिती तिथून मिळवता येते. बऱ्याच विक्रेत्यांकडे हे पत्र आधीच असतं. नसेल तर मागवा. लाल रंगातली गाडी मूळची राखाडी किंवा गेरूच्या पिवळ्या रंगाची निघाली, तर तिचा पूर्ण रंग कधीतरी उतरवून पुन्हा चढवलाय हे कळतं. मग 'का?' हा प्रश्न आपोआप येतो.

इटलीतून घेत असाल तर लिब्रेत्तो, म्हणजे त्यांचं आरसी बुक, आणि पीआरए या सरकारी वाहन नोंदणीतली नोंद, दोन्ही तपासा. काळ्या पाटीवर पांढरे आकडे असलेली मूळ नंबर प्लेट शिल्लक असेल, तर इटालियन लोक तिच्यासाठी वेगळे पैसे देतात. 'रादियाता' हा शब्द दिसला, तर गाडी नोंदणीतून काढलेली आहे. कशासाठी काढली ते शोधा. परदेशी पाठवायची म्हणून काढली असेल तर एक गोष्ट. मोडीत काढली अशी नोंद असेल तर तिथल्या जाणकार माणसाला विचारल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका.

जर्मनीत तीस वर्षांपुढची, मूळ स्थितीतली गाडी एच नंबर प्लेटला पात्र ठरते. त्यासाठी तज्ज्ञाची तपासणी लागते आणि वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो बसतो. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर रोड टॅक्स आणि वार्षिक तपासणी, दोन्हींतून सूट मिळते. ही तपासणीची सूट ऐकायला गोड आहे, पण दहा वर्षं कोणीच जॅकवर न चढवलेली गाडी त्यातूनच तयार होते.

बघायला जाताना

फोनवर एकच अट घाला: 'मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.' पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर थंड इंजिन सुरू होताना ते काय करतं हे त्या दिवशी तुम्हाला कळणार नाही, आणि ते कळू नये अशी कोणाची तरी इच्छा होती हेही ध्यानात ठेवा.

पिशवीत चांगला टॉर्च, छोटा आरसा, मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, जुने कपडे आणि खाली अंथरायला काहीतरी. रंगाची जाडी मोजणारं यंत्र उसनं मिळालं तर उत्तमच. एकदा नीट रंगवलेल्या गाडीत ते दोन-चारशे मायक्रॉन दाखवतं. हजाराच्या पुढे गेलं की खाली पुट्टी आहे. पावसात किंवा गाडी नुकतीच धुतलेली असताना बघू नका, ओल्या रंगावर सगळं गुळगुळीत दिसतं. आणि गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर घ्यायला मालक तयार आहे का, हे निघण्याआधी विचारा. तयार नसेल तर पेट्रोल वाचलं.

पत्रा: अर्धा दिवस इथेच घालवा

साठ-सत्तरच्या दशकातल्या इटालियन गाड्यांना गंजापासून संरक्षण फारसं नव्हतंच. त्यात जर्मनी, स्वित्झर्लंड, इंग्लंड इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. कॅलिफोर्नियातून आलेल्या गाड्यांचा पत्रा बरा असतो, पण उन्हाने डॅशबोर्डला चिरा पडलेल्या असतात. माझ्या मते चिरलेला डॅशबोर्ड हा फायद्याचा सौदा आहे.

सुरुवात दाराखालच्या पट्टीपासून करा, जिला इंग्रजी वळणाने सगळे सिल म्हणतात. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचं खोकंच सगळा भार घेतं, आणि त्यातला मोठा वाटा या सिलचा. ती तीन थरांची असते: बाहेरचा पत्रा, मधला आणि आतला. पाणी थरांच्या मध्ये साचतं, त्यामुळे गंज आतून बाहेर येतो. बाहेर जेव्हा रंगाखाली फोड दिसायला लागतात, तेव्हा मधला थर बहुतेक गेलेला असतो. दुरुस्तीचा खरा मार्ग म्हणजे बाहेरचा पत्रा कापून काढायचा, आतले दोन बदलायचे आणि मग नवा बाहेरचा लावायचा. स्वस्त मार्ग म्हणजे जुन्या कुजलेल्यावरच नवा पत्रा मढवायचा. वरून कीर्तन, आतून तमाशा.

हे ओळखायचं कसं? दार बंद असताना दार आणि मागचा पत्रा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत बोटाने तपासा. मग त्या बाजूने मागून गाडी जॅकवर घ्या आणि दार पुन्हा उघडून लावा. आधी सहज लागणारं दार आता अडकत असेल, किंवा फट वर कमी आणि खाली जास्त झाली असेल, तर गाडी मधोमध वाकतेय. जॅक लावायची जागाच चेपायला लागली किंवा करकर आवाज आला, तर खाली उतरवा आणि हात झटका.

चुंबक सिलवर, मागच्या चाकाच्या कमानीवर, दाराच्या खालच्या चार बोटांवर आणि पुढच्या मडगार्डच्या चाकामागच्या कोपऱ्यावर फिरवा. एका जागी घट्ट चिकटतं आणि वीतभर पुढे निसटतं, म्हणजे तिथे पुट्टी भरलीय. चार जागी थोडी थोडी पुट्टी असणं हे पन्नास वर्षांच्या गाडीत माफ आहे. सिलवर पुट्टी माफ नाही, कारण सिलचं काम दिसण्याचं नसून भार पेलण्याचं आहे.

मग पुढे या. रेडिएटरखाली आडवी बंद पेटीसारखी तुळई असते. दगड, चिखल, मीठ, सगळं तिला लागतं, आणि अपघाताची खूणही तिथेच राहते. टॉर्च घेऊन बॉनेटखालच्या आतल्या मडगार्डची वरची कड बघा. कारखान्यात दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडले, की ठरावीक अंतराने छोट्या गोल खळ्या राहतात. डावीकडे त्या ओळीने दिसतात आणि उजवीकडे मात्र कड सपाट, गुळगुळीत, तर उजवीकडचं मडगार्ड कधीतरी बदललंय. म्हणजे गाडी नाकारा असं नाही, पण मालकाला अपघाताबद्दल विचारून त्याचा चेहरा बघायची हीच वेळ. दोन्ही बाजूंची मापं सारखी येतात का तेही टेपने घेऊन बघा.

काचेखाली, वायपरच्या मागे, हवा आत घेण्याची पोकळी असते. तिथली पाणी जायची वाट पानांनी तुंबली की पाणी केबिनमध्ये उतरतं. म्हणून दोन्ही बाजूंचा गालिचा उचलून हात घाला. ओल, कुबट वास, खालच्या फेल्टचा भुगा, यातलं काहीही सापडलं तर तळपत्रा खालूनही तपासावा लागेल. मागच्या काचेचे खालचे कोपरे तसेच बघा. डिकीत स्टेपनी ठेवायचा खड्डा असतो, त्यात पाणी साचतं. तिथे नवा काळा डांबरी थर दिसला तर नखाने टोकरा. ताजा डांबरी थर संरक्षणासाठी असतो किंवा लपवण्यासाठी, आणि विकायला काढलेल्या गाडीत बहुधा दुसऱ्यासाठी.

शेवटी गाडीखाली जा. मागच्या ॲक्सलला पुढून धरून ठेवणारे दोन लांब दांडे तळपत्र्याला जिथे बोल्टने बसतात, त्या दोन जागा. पुढच्या सस्पेन्शनचे आर्म जिथे बसतात त्या जागा. इथला गंज म्हणजे सुरक्षेचा प्रश्न, घासाघिशीचा नाही.

इंजिन

पत्रा पास झाला तरच बॉनेट पुन्हा उघडा. दोन कॅमशाफ्ट साखळीवर चालतात, सिलिंडरच्या स्लीव्ह ओल्या आहेत, म्हणजे पाणी थेट त्यांना भिडतं, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यात उष्णता वाहून न्यायला सोडियम भरलेलं आहे. रस्त्यावरच्या साध्या माणसाच्या गाडीत त्या काळी इतकं कोणी देत नव्हतं.

सुरू करण्याआधी ऑइलची कांडी काढा आणि रेडिएटरचं झाकण उघडा. ऑइलमध्ये पांढुरका फेस किंवा पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, गेलंय. हा या इंजिनाचा जुना आजार. ब्लॉकमधून हेडकडे ऑइल नेणाऱ्या छिद्रांभोवती छोट्या रबरी रिंगा असतात, त्या वयाने कडक झाल्या की ऑइल बाहेर झिरपतं किंवा पाण्यात जातं. दुरुस्ती जमण्यासारखी आहे, पण स्लीव्ह ब्लॉकच्या वर किती उंच बसल्यात हे शंभरांश मिलिमीटरच्या हिशेबात जुळवावं लागतं. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्याकडून काम करून घेतलं तर वर्षभरात पुन्हा तेच. म्हणून 'गॅस्केट नुकतंच बदललंय' असं ऐकल्यावर कोणी बदललं आणि बिल कुठंय, हे लगेच विचारा.

आता चालू करा. थंड इंजिन थोडं कुरकुरेल, ॲक्सिलरेटर दोन-तीनदा दाबावा लागेल, ते चालतं. पहिल्या काही सेकंदांची साखळीची खळखळ ऑइल चढल्यावर थांबायला हवी. थांबली नाही तर साखळी आधी ताणून बघायची; ताणायची सोय हेडच्या पुढच्या बाजूला एका बोल्टवर आहे आणि काम सोपं आहे. तरीही आवाज राहिला तर साखळी बदलावी लागेल.

कार्बोरेटर दोन, आडवे, प्रत्येकाला दोन नळ्या. वेबर, सोलेक्स किंवा देल'ऑर्तो. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये रबराचे जोड असतात आणि ते फाटतात. इंजिन आयडलवर असताना कार्बोरेटर हाताने हलकेच वर उचलल्यासारखा करा. रेस बदलली, किंवा फटफट वाढली, तर जोडाला चीर गेलीय आणि तिथून हवा खेचली जातेय. पार्ट स्वस्त, काम अर्ध्या दिवसाचं. गंमत म्हणजे 'कार्बोरेटर ट्यून होत नाही, या गाड्या अशाच लहरी' म्हणून वैतागून विकल्या जाणाऱ्या काही गाड्यांचा रोग एवढाच असतो. तुम्ही काही बोलू नका, भाव करताना कामाला येईल.

१९६९ पासून अमेरिकेला गेलेल्या गाड्यांना कार्बोरेटरऐवजी स्पिका कंपनीचं यांत्रिक फ्युएल इंजेक्शन आहे. नीट लावलेलं असेल तर ते सुरेख चालतं. पण त्याचा पंप जाणणारी माणसं मोजकी, म्हणून बऱ्याच जणांनी तो काढून वेबर बसवले. काढलेला पंप विक्रेत्याकडे असेल तर सोबत मागून घ्या.

टॅपेटबद्दल एक. प्रीमियर पद्मिनीचं टॅपेट क्लिअरन्स ज्यांनी अंगणात बसून पान्याने आणि स्क्रू ड्रायव्हरने लावलंय, त्यांनी तोच आत्मविश्वास इथे आणू नये. इथे फिरवायला स्क्रू नाही. क्लिअरन्स मोजायचं, कॅमशाफ्ट उचलायची, बकेटखालची चकती बदलायची, पुन्हा मोजायचं. हे काम केल्याचं बिल फाइलमध्ये सापडलं, तर आधीचा मालक गाडीवर खरंच खर्च करत होता, असं समजायला हरकत नाही.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळजवळ सारखं हवं. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पुढची तपासणी करून घ्या.

चालवून बघा

आधी शेजारी बसा आणि मालकाला चालवू द्या. तो दुसरा गिअर कसा टाकतो ते बघा. थोडं थांबून, हळूच, जपून टाकत असेल, तर त्याला माहीत आहे.

दुसऱ्या गिअरचं सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवून घेणारी रिंग) हे या गिअरबॉक्सचं दुखणं. थंड असताना पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थोडी खरखर सगळ्याच करतात. पाच-दहा किलोमीटर गेल्यावरही तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना खर्रकन आवाज आला, तर सिंक्रो झिजलंय. गाडी चालत राहते, लोक वर्षानुवर्षं तशीच चालवतात, पण दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो. तेवढे पैसे किमतीतून वजा करा. मग रस्ता मोकळा बघून दुसऱ्यात वेग घ्या आणि एकदम पाय काढा. गिअर आपोआप न्यूट्रलला उडी मारत असेल तर तो दुसरा दोष.

उतारावर पाय काढून जरा वेळाने पुन्हा दाबा आणि आरशात बघा. त्या क्षणी निळ्या धुराचा झोत आला तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. वेग घेताना सतत निळा धूर असेल तर पिस्टन रिंगा.

डॅशबोर्डवर, इटालियन बाजारातल्या गाडीत, गोल मीटरवर 'ओलिओ', 'आक्वा', 'बेन्झिना' (ऑइल, पाणी, पेट्रोल) असं लिहिलेलं दिसेल. ओलिओवर नजर ठेवा. इंजिन पूर्ण तापल्यावर, हमरस्त्याच्या वेगात काटा साडेतीन ते पाचच्या दरम्यान हवा. आयडलवर तो बराच खाली येतो, ते पाहून घाबरू नका, मात्र शून्याला टेकू नये. आक्वाचा काटा ८०-९० च्या आसपास स्थिरावावा.

गाडी सुटताना आणि गिअर बदलताना खालून धप्प आवाज येत असेल, तर गिअरबॉक्सच्या मागचा रबरी कपलिंग बघा. चिरा पडल्या की तो ठरावीक वेगाला थरथर देतो. मागून टकटक येत असेल तर ॲक्सलच्या मध्यावर बसणाऱ्या टी आकाराच्या दांड्याचे बुश. हे सगळे बदलता येण्यासारखे आणि परवडणारे पार्ट आहेत. स्टिअरिंगमध्ये सरळ जाताना किंचित ढिलाई चालते, पण दोन बोटांपेक्षा जास्त नको. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर उभ्या राहून राहून कॅलिपरचा पिस्टन जाम झालाय. सुरुवातीच्या गाड्यांना डनलॉपचे ब्रेक आहेत, नंतरच्यांना एटीईचे. एटीईचे पार्ट सहज मिळतात, डनलॉपचं काम महाग पडतं, तेव्हा डनलॉपचे ब्रेक असतील तर हा खर्च वेगळा धरा.

भाव

घरी जाऊन, कागदावर, तीन रकाने करा: लगेच करायचं, वर्षात करायचं, नाही केलं तरी चालतं. पत्र्याच्या प्रत्येक कामाचा अंदाज एखाद्या बॉडी शॉपकडून घ्या आणि त्यात निम्मी रक्कम आणखी घाला. कापल्यावर आत काय निघेल ते कापल्यावरच कळतं. मग मालकाशी बोला. गाडीला नावं ठेवू नका. या गाड्यांचे मालक गाडीवर जीव लावून असतात, आणि दुखावलेला माणूस भाव सोडत नाही. बिलं आणि फोटो दाखवून आकड्यांवर बोला.

दोन गाड्यांत अडकलात, एक अर्धवट रिस्टोर केलेली स्वस्त आणि एक नीट चालणारी महाग, तर महागडी घ्या. अर्धवट सोडलेल्या प्रोजेक्टमध्ये हरवलेल्या पार्टची यादी नेहमीच सांगितल्यापेक्षा लांब असते. आणि पुण्या-मुंबईच्या घाटात लावलेली 'अति घाई संकटात नेई' ही पाटी इथेही लागू आहे. बोलोन्यात भरणारं आउटो ए मोटो द'एपोका प्रदर्शन (२०२२ पर्यंत हे पादोवाला भरायचं) किंवा एसेनचं टेक्नो क्लासिका, यांपैकी एकाला तरी खरेदीच्या आधी जा. एका छपराखाली अनेक बर्टोने बघितल्या की चांगला पत्रा कसा दिसतो हे डोळ्यांना कळतं.

अमेरिकेतून किंवा स्वित्झर्लंडमधून आणत असाल तर मूळ स्थितीतली, तीस वर्षांपुढची गाडी 'संग्राह्य वस्तू' म्हणून नोंदवता येते. जर्मनीत मग आयात व्हॅट सात टक्के लागतो, ब्रिटनमध्ये पाच. कस्टम्सच्या कागदांवर हे वर्गीकरण आधीच नीट लिहून घ्या, नंतर बदलून घेणं कटकटीचं.

घरी आणल्यावर पहिला महिना

चालवायचा मोह होईल, पण आधी टायरच्या बाजूचा चार आकडी कोड बघा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांपुढचे टायर काढून टाका. १७५० आणि २००० ला १६५ आर १४ मापाचे लागतात, सुरुवातीच्या गाड्यांची चाकं १५ इंची.

पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, बघायला चांगल्या दिसत असल्या तरी. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं, आणि गळकी नळी तापलेल्या इंजिनाच्या शेजारी असते. ई-५ (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉल) मिळत असेल तर ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत) भरू नका. शिसेविरहित पेट्रोलची मात्र काळजी करू नका, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट मुळातच कडक धातूच्या आहेत.

ब्रेक फ्लुइड, कूलंट, इंजिन ऑइल, सगळं नवं. इंजिनाला २०-डब्ल्यू-५० बहुतेक जण वापरतात. ऑइल ओतण्याआधी खाली वाकून सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, बघून घ्या. तो ॲल्युमिनियमचा, बाहेरून उभ्या कडा (फिन) असलेला, आणि बराच खाली लोंबतो; स्पीड ब्रेकरला टेकून चिरलेले सम्प पुष्कळ आहेत.

गिअरबॉक्सच्या ऑइलवर मात्र थांबा. दुकानदार जीएल-५ (गिअर ऑइलची एक श्रेणी) चा डबा हातात देईल, 'हे जास्त चांगलं' म्हणून. या गिअरबॉक्सची सिंक्रो पोर्शे पद्धतीची आहेत आणि ती घर्षणावर चालतात. जीएल-५ मधली रसायनं ते घर्षण कमी करतात आणि खरखर वाढते. गिअरबॉक्समध्ये जीएल-४, मागच्या ॲक्सलमध्ये जीएल-५. दोन्ही डब्यांवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. काही गाड्यांमध्ये आधीच्या मालकाने दोन्हीकडे एकच ऑइल ओतलेलं असतं. अशा गाडीत नुसतं ऑइल बदलल्यावर दुसऱ्या गिअरची तक्रार बरीच कमी होऊ शकते, तेव्हा गिअरबॉक्स उतरवायला देण्याआधी हे करून बघा.